लहानग्याला सर्दी झाली, कोविडची टेस्ट करायची का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सर्दीचा मोसम सुरू झाला की माझ्या फोनवर एकच फोटो वेगवेगळ्या घरांतून येतो. टेबलावर किट, मागे रडून लाल झालेलं नाक, आणि खाली ओळ, ‘डॉक्टर, ही दुसरी रेष म्हणायची का?’ त्या फोटोच्या आधी आणि नंतर येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं साधारण एक ते तीन वर्षांच्या, एरवी धडधाकट मुलांसाठी आहेत. बाळ तीन महिन्यांच्या आतलं असेल आणि ताप ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त असेल, तर हे वाचत बसू नका. थेट डॉक्टर गाठा.

१. बाळाला नुसती सर्दी आहे, खेळतंय, खातंय. टेस्ट करायलाच हवी का?

बहुतेक वेळा नाही. मी आईबाबांना उलट एकच प्रश्न विचारतो: रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर उद्या तुम्ही काय वेगळं कराल, आणि निगेटिव्ह आला तर काय? दोन्हींचं उत्तर ‘घरीच ठेवू, पाणी पाजत राहू, लक्ष ठेवू’ असं असेल, तर बाळाच्या नाकात काडी घालून काही हाती लागणार नाही. उत्तरं वेगळी असतील, म्हणजे घरी नुकतीच केमोथेरपी झालेली आजी असेल किंवा परवा कुणाच्या तान्ह्या बाळाला बघायला जायचं असेल, तर टेस्टला अर्थ आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं ५ मे २०२३ रोजी कोविडची जागतिक आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं. ‘सर्दी दिसली की टेस्ट’ ही तेव्हाची सवय मात्र अनेक घरांत तशीच राहिली आहे.

२. साधं पडसं आणि कोविड यांतला फरक लक्षणांवरून कळत नाही का?

या वयात नाही. मलाही नुसतं बघून कळत नाही. नाक वाहणं, शिंका, खोकला, कणकण, चिडचिड, एखाद-दोन पातळ शी, हे सगळं ऱ्हायनोव्हायरस या नेहमीच्या सर्दीच्या विषाणूनं होतं, लहान मुलांच्या श्वसनमार्गाला होणाऱ्या आरएसव्ही या विषाणूनं होतं आणि कोविडनंही होतं. कोविडच्या कितीतरी आधीपासून माणसात फिरणारे चार कोरोनाव्हायरस आहेत, तेही हेच करतात. वास गेला का, हे दीड वर्षाचं मूल सांगू शकत नाही. त्यानं भाजी थुंकली, एवढ्यावर काही ठरवू नका, ते एरवीही थुंकतं.

शेंबूड पिवळा-हिरवा झाला म्हणजे कोविड, हा समजही काढून टाका. कुठल्याही सर्दीत तीन-चार दिवसांनी रंग बदलतो, आणि तेवढ्यावरून अँटिबायोटिकही लागत नाही.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. रात्री अचानक कुत्रं भुंकल्यासारखा खोकला आणि श्वास आत घेताना कर्कश आवाज, याला क्रूप म्हणतात. २०२१च्या अखेरीस ओमिक्रॉन आल्यावर लहान मुलांत कोविडमुळेही क्रूप होताना दिसला. पण त्या क्षणी टेस्टला महत्त्व नाही, श्वासाला आहे. प्रश्न ४ पाहा.

३. मग टेस्ट करावीच, अशी वेळ कोणती?

घरात किंवा रोजच्या संपर्कात कुणाला कोविडचा धोका जास्त असेल तेव्हा. त्यात खूप वय झालेले आजी-आजोबा आले, गरोदर बाई आली, नवजात बाळ आलं, कॅन्सरचे उपचार चालू असलेली किंवा अवयव प्रत्यारोपण झालेली व्यक्ती आली. अशांपैकी अनेकांना विषाणूविरोधी गोळ्या वेळेत सुरू करता येतात, त्यामुळे बाळाचा रिपोर्ट खरं तर त्यांच्या कामी येतो.

दुसरं कारण बाळ स्वतः. जन्मजात हृदयविकार, फुप्फुसांचा जुना आजार, फार लवकर झालेला जन्म, डाऊन सिंड्रोम, स्नायूंचा किंवा मेंदूचा आजार, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं, यांपैकी काही असेल तर सर्दी सौम्य असली तरी डॉक्टरांना कळवा आणि टेस्टचा निर्णय त्यांच्यावर सोडा.

पाळणाघरानं रिपोर्ट मागितला, हे तिसरं कारण. त्याला वैद्यकीय म्हणता येणार नाही, पण नोकरीवर जाणाऱ्या आईबाबांसाठी ते खरं असतं. मागताहेत तर द्या, वाद घालण्यात सुट्टी संपेल.

४. टेस्टबिस्ट बाजूला ठेवून सरळ डॉक्टरांकडे कधी पळायचं?

बाळ शांत असताना किंवा झोपेत अंगावरचा सदरा वर करा आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट पोटाची हालचाल मोजा. एक ते पाच वर्षांच्या मुलाचा श्वास मिनिटाला ४० किंवा त्याहून जास्त असेल, तर तो वेगवान समजतात. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नका, लहान मुलांचा श्वास एकसारखा चालत नाही. मोजताना बरगड्यांखालीही बघा. प्रत्येक श्वासाला तिथे खड्डा पडतोय, नाकपुड्या फुलताहेत, श्वास सोडताना कण्हल्यासारखा आवाज येतोय, यातलं काहीही दिसलं तर निघा.

ओठ निळसर किंवा राखाडी दिसणं, पाणी किंवा दूध अजिबात न घेणं, सात-आठ तास शू न होणं, हाक मारूनही नीट जागं न होणं, झटका येणं, यासाठीही थांबायचं नाही. ताप उतरल्यावरसुद्धा मूल मलूलच पडून असेल, तर त्याकडे थर्मामीटरच्या आकड्यापेक्षा जास्त लक्ष द्या.

बोटाला लावायचा ऑक्सिमीटर घरी आहे म्हणून त्यावर विसंबू नका. मोठ्यांची क्लिप इवल्याशा बोटावर नीट बसत नाही आणि बाळ हललं की आकडा भलताच येतो. मला त्या आकड्यापेक्षा पोटाच्या हालचालीचा दहा सेकंदांचा व्हिडिओ पाठवलेला जास्त उपयोगी पडतो.

५. घरात बाबा आधीच पॉझिटिव्ह आहेत आणि आता बाळाचं नाक वाहतंय. बाळाचीही करू का?

गरज नाही. त्यालाही कोविडच झाला आहे, असं धरून चाला. अशा वेळी बाळाची टेस्ट निगेटिव्ह आली तरी मी त्यावर विश्वास ठेवत नाही, मग करायची कशाला?

याचंच उलटं रूप जास्त कामाचं आहे. घरात सगळेच शिंकताहेत आणि कोविड आहे का हे जाणून घ्यायचं आहे, तर आधी मोठ्या माणसाची टेस्ट करा. ते स्वतः नीट स्वॅब घेऊ शकतात, रडत नाहीत, आणि एकाच घरात एकाच वेळी पसरलेली सर्दी बहुधा एकच असते. प्रश्न ३ मधल्यासारखं काही कारण असेल आणि मोठ्यांची निगेटिव्ह आली, तरच बाळाकडे वळा.

६. कोविड निघाला तर औषध बदलतं का?

एरवी निरोगी असलेल्या मुलाला सौम्य लक्षणं असतील तर नाही. निर्माट्रेलव्हिर-रिटोनाव्हिर ही कोविडवरची गोळी या वयासाठी नाही, आणि रेमडेसिव्हिर शिरेतून द्यावं लागतं, ते जास्त आजारी किंवा जास्त धोका असलेल्या मुलांसाठी राखलेलं असतं. अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही, मग तो विषाणू कुठलाही असो.

फ्लूचं मात्र वेगळं आहे. पाच वर्षांच्या आतल्या, त्यातही दोन वर्षांच्या आतल्या मुलांना फ्लूची गुंतागुंत होण्याचा धोका जास्त असतो आणि त्यावर ओसेल्टामिव्हिर आहे, जे पहिल्या ४८ तासांत सुरू केलं तर सगळ्यात चांगलं लागू पडतं. म्हणून फ्लूची साथ चालू असेल, ताप एकदम चढला असेल आणि मूल गळून गेलं असेल, तर डॉक्टरांना ‘कोविड करू का?’ विचारण्याआधी ‘फ्लू असेल का?’ हे विचारा. एकाच स्वॅबमधून दोन्ही सांगणाऱ्या टेस्टही मिळतात.

७. घरचं किट चालेल की आरटी-पीसीआरच करायची?

किट विषाणूचं प्रथिन शोधतं, आरटी-पीसीआर त्याच्या जनुकीय साहित्याच्या असंख्य प्रती काढून शोधते. म्हणून पीसीआर अगदी थोडा विषाणूही पकडते, आणि किटला रेष उमटवायला बराच विषाणू लागतो. लक्षणं असताना किटवर पॉझिटिव्ह आलं तर ते खरं माना. निगेटिव्ह आलं तर ‘आत्ता सापडला नाही’ एवढाच त्याचा अर्थ. ज्या मुलाचा उपचार रिपोर्टवर अवलंबून आहे त्याची पीसीआर करावी, बाकीच्यांना किट पुरतं.

८. कालच नाक वाहायला लागलं. आजची निगेटिव्ह धरायची का?

धरू नका. पहिल्या दिवशी नाकात विषाणू पुरेसा नसतो, असं खूपदा होतं. लक्षणं असतील तर ४८ तासांच्या अंतरानं दुसरी टेस्ट करा. दोन्ही निगेटिव्ह आल्या तर बऱ्यापैकी निर्धास्त होता येतं. लक्षणं काहीच नसतील, फक्त संपर्क आला असेल, तर तशाच ४८-४८ तासांच्या अंतरानं तीन टेस्ट लागतात.

तुमच्याकडे एकच किट असेल, तर ते पहिल्या संध्याकाळी घाबरून फोडू नका. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसासाठी ठेवा.

९. किटवर ‘२ वर्षांपुढे’ लिहिलंय आणि आमचा दीड वर्षाचा आहे. तरी करू का?

घरी नको. पुष्कळ घरगुती किट दोन वर्षांपुढच्या मुलांवरच तपासलेली असतात, म्हणून ती अट छापलेली असते. दोन वर्षांच्या आत टेस्टची खरंच गरज असेल (प्रश्न ३) तर दवाखान्यात करून घ्या. दोन वर्षांपुढेही स्वॅब मोठ्या माणसानंच घ्यायचा, मुलाच्या हातात काडी द्यायची नाही.

१०. तो मान एवढी हलवतो, स्वॅब घ्यायचा तरी कसा?

आधी सगळं मांडून ठेवा. नळी उघडून स्टँडमध्ये, पट्टी पाकिटातून काढून सपाट जागेवर, मोबाइलवर वेळ लावून. बाळाला धरल्यावर पाकीट दातानं फाडत बसायची वेळ येऊ नये. किट फ्रीजमध्ये असेल तर आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या.

मग नाक पुसा. वाहणाऱ्या शेंबडात काडी बुडवून उपयोग नाही, आतल्या भिंतीवर घासलं गेलं पाहिजे. एकानं बाळाला मांडीवर घ्यायचं, त्याची पाठ आपल्या छातीला टेकवून. एका हाताची मिठी त्याच्या दोन्ही हातांवरून, दुसरा तळवा त्याच्या कपाळावर, पाय आपल्या मांड्यांमध्ये. डोकं मागे आपल्या खांद्यावर टेकलं की हलायला जागाच उरत नाही. स्वॅब दुसऱ्यानं घ्यायचा. काडी नाकाच्या शेंड्याकडे वर न ढकलता सरळ मागे, कानाच्या दिशेनं न्यायची. मोठ्यांमध्ये ती दोन सेंटिमीटरपर्यंत जाते, लहानग्यात त्याहून कमी पुरते. अडतंय वाटलं की थांबा. तिथेच किटवर लिहिलेत तेवढे, बहुतेक वेळा चार-पाच, वेढे घ्यायचे, आणि तीच काडी दुसऱ्या नाकपुडीत.

आधी बाहुलीची ‘टेस्ट’ करून दाखवली तर काही मुलं ऐकतात. माझ्या मुलीनं बाहुलीची कौतुकानं करू दिली आणि स्वतःची वेळ आल्यावर काडी दातात धरून कापूस चावून टाकला. ते किट वाया गेलं. तोंडात गेलेली काडी वापरायची नाही, हे डॉक्टर असूनही मला त्या दिवशी पटकन पटत नव्हतं.

नुकताच घोळणा फुटला असेल तर त्या दिवशी स्वॅब टाळा.

११. झोपेत घेतला तर?

गाढ झोपेत काहींचं जमतं. पण मूल दचकून मान झटकतं तेव्हा काडी नाकात असते आणि डोक्याला आधार नसतो. मी नाही करत.

१२. अगदी पुसट रेष आहे. पॉझिटिव्ह का?

दिलेल्या वेळेत ‘टी’पाशी (टेस्टची खूण) कितीही फिकट रेष आली तरी ती पॉझिटिव्ह. दिलेली वेळ उलटून गेल्यावर, म्हणजे तासाभरानं किंवा दुसऱ्या दिवशी कचऱ्याच्या डब्यात डोकावून दिसलेली रेष धरायची नाही. ‘सी’पाशी (कंट्रोल, म्हणजे टेस्ट नीट चालली का ते दाखवणारी खूण) रेष आलीच नाही तर टेस्ट बाद, ‘टी’पाशी काय आलंय ते बघूच नका.

१३. तिनं नळीतलं पाणी तोंडात घातलं! विष आहे का ते?

काही किटच्या द्रवात सोडियम अझाइड नावाचं टिकवण रसायन अगदी थोड्या प्रमाणात असतं. डोळ्यात गेलं तर वाहत्या पाण्यानं बराच वेळ धुवा, अंगावर सांडलं तर साबणानं. गिळलं असेल तर तोंड पुसून घ्या, उलटी करवू नका, आणि किटचा खोका समोर ठेवून डॉक्टरांना फोन करा. ही नळी डोळ्यांच्या थेंबांच्या बाटलीसारखी दिसते, तेव्हा ती औषधांच्या कप्प्यात कधीच ठेवायची नाही.

१४. पॉझिटिव्ह आली. आता?

सर्दीचं जे करता तेच. थोडं थोडं पण सतत प्यायला द्या, अंगावर पाजत असाल तर पाजत राहा, नाक चोंदलं तर सलाइनचे थेंब घाला. ताप असून मूल बेचैन असेल तर पॅरासिटामॉल, वजनाच्या किलोमागे १५ मिलिग्रॅम, दोन डोसांमध्ये किमान चार तास, आणि २४ तासांत चारपेक्षा जास्त वेळा नाही. बाटलीवर ‘५ मिलीमध्ये किती मिलिग्रॅम’ ते दर वेळी वाचा. थेंबांची बाटली आणि सिरप यांची ताकद वेगवेगळी असते, आणि रात्री दोन वाजता चुका इथेच होतात. ॲस्पिरिन नको. खोकल्या-सर्दीची तयार मिश्रणं या वयात नकोत. वर्षापुढच्या मुलाला खोकल्यासाठी चमचाभर मध चालतो, वर्षाच्या आत अजिबात नाही.

या वयाच्या मुलाला खोलीत एकटं ठेवता येत नाही, तो हट्ट सोडा. जो सांभाळतोय त्यानं मास्क लावावा, खिडक्या उघड्या ठेवाव्यात. दोन वर्षांच्या आतल्या बाळाला मास्क लावायचा नाही, त्यानं श्वास कोंडू शकतो. आजी-आजोबांना काही दिवस दुसऱ्या खोलीत झोपवा आणि त्यांना कणकण वाटली की त्याच दिवशी *त्यांची* टेस्ट करा.

१५. पाळणाघरात परत कधी पाठवायचं?

पाळणाघराचा किंवा तुमच्याकडचा नियम असेल तर तो पाळा. नसेल तर औषधाविना २४ तास ताप नसावा, बाकीची लक्षणं स्पष्टपणे ओसरत असावीत आणि मूल नेहमीसारखं खेळत असावं. रेंगाळणारा खोकला दोन-तीन आठवडे टिकू शकतो, त्यासाठी घरी बसवायची गरज नाही. निगेटिव्ह सर्दीलाही मी हेच सांगतो, ताप असलेल्या मुलाला कुठल्याच रिपोर्टच्या जोरावर पाठवू नये.

१६. दर महिन्याला सर्दी होते. दर वेळी टेस्ट?

या वयात वर्षाला सहा ते आठ सर्द्या ही नेहमीची गोष्ट आहे, पाळणाघरात जाणाऱ्यांना त्याहूनही जास्त होतात. एकेक आठवडा-दहा दिवस चालते, म्हणजे पावसाळा-हिवाळ्यात नाक कोरडं दिसलं तर तेच नवल. दर वेळी टेस्ट केलीत तर स्वॅब बघताच किंचाळणारं मूल तेवढं तयार होईल. प्रश्न १ दर वेळी नव्यानं विचारा.

१७. दोन महिन्यांपूर्वी कोविड होऊन गेला, आता पुन्हा सर्दी. पीसीआर करू?

पीसीआर नको. बरं झाल्यावरही विषाणूचे निर्जीव तुकडे नाकात राहतात आणि पीसीआर त्यावरून कित्येक आठवडे, कधी तीन महिन्यांपर्यंत पॉझिटिव्ह येऊ शकते. कळायलाच हवं असेल तर किट वापरा.

१८. नुकतीच लस दिली. त्यामुळे टेस्ट पॉझिटिव्ह येते का?

कोविडच्या एमआरएनए लशीनं येत नाही. तिच्यात विषाणूच्या काट्यांच्या प्रथिनाचा आराखडा असतो, किट सहसा दुसरंच प्रथिन शोधतं. फ्लूची नाकात फवारायची लस मात्र जिवंत, पण दुबळ्या केलेल्या विषाणूंची असते, त्यामुळे ती दिल्यावर काही दिवस *फ्लूची* टेस्ट पॉझिटिव्ह येऊ शकते. जोड-टेस्ट करताना हे सांगायला विसरू नका.

१९. पुढच्या आठवड्यात हर्नियाचं ऑपरेशन आहे. किट निगेटिव्ह आलं, म्हणजे सर्दीचं सांगायला नको ना?

सांगायलाच हवं. भूल देताना त्रास कुठल्याही सर्दीनं होतो, श्वासनलिका चिडलेली असते आणि ती आवळली जाण्याची शक्यता वाढते. निगेटिव्ह रिपोर्टनं तो धोका कमी होत नाही. आजच फोन करा, ऑपरेशनच्या सकाळी नको.

२०. टेस्ट केलीच नव्हती. आता महिन्याभरानं मोठा ताप आलाय. चुकलं का आमचं?

चुकलं नाही. पण हे डॉक्टरांना सांगा. कोविडनंतर साधारण दोन ते सहा आठवड्यांनी फार थोड्या मुलांना शरीरभर दाह होणारा एक आजार होतो, त्याला एमआयएस-सी म्हणतात. उतरत नाही असा ताप, पुरळ, लाल डोळे, पोटदुखी, उलट्या, लालभडक ओठ अशी चिन्हं असतील तर त्याच दिवशी दवाखाना. हा आजार आता पूर्वीपेक्षा बराच दुर्मीळ झाला आहे, आणि ती सर्दी तेव्हा टेस्ट करून पकडली असती तरी तो टळला नसता. मागे कोविड होऊन गेला का, हे बघायला तिथे रक्तातली अँटिबॉडी टेस्ट उपयोगी पडू शकते. चालू सर्दीसाठी तिचा काही उपयोग नसतो.

डॉक्टर पहिला प्रश्न विचारतील तो असा: गेल्या दीड महिन्यात घरात कुणाला सर्दी-ताप होता, आणि कधी? म्हणून टेस्ट करा किंवा करू नका, घरात ज्या दिवशी पहिली शिंक आली ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.